डोळ्याच्या नावावर

आमच्या घरात आजीची एक काशाची वाटी आहे. काठाला बारीक चीर गेलीय म्हणून तिच्यात कुणी काही वाढत नाही, आणि आजीची म्हणून कुणी ती मोडीतही घालत नाही. उन्हाळ्यात कुणाचे डोळे भगभगायला लागले की आजी त्याला खाटेवर आडवं करायची, तळपायांना तूप चोळायची आणि ही वाटी उपडी धरून पाय घासत बसायची. पाच-दहा मिनिटांत तळवे काळेकुट्ट. "बघ, कशी उष्णता निघाली," म्हणून ती आम्हाला वाटीचा बुडखा दाखवायची. तो काळेपणा तुपाचा आणि काशाचा आहे, उष्णतेचा नाही, हे आठवीतलं शहाणपण मी एकदा तिला ऐकवलं. ती म्हणाली, "आसंल बाई. पर झोप कुणाला लागली?" मलाच लागली होती.

तक्रार डोळ्यांची आणि उपचार तळपायांना, याचं तेव्हा फार हसू यायचं. गेल्या वर्षी ते आटलं.

दिवाळी झाली आणि माझा डावा डोळा दुखायला लागला. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशोब बघते. हळद आणि बेदाणा. सौद्याच्या दिवशी दुकानात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो, पण माझं खरं काम सौदा उरकल्यावर सुरू होतं. कुणाच्या किती पिशव्या, काय दर लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, याची पट्टी करायची आणि तेवढ्यात येणारे सगळे फोनही घ्यायचे. "मॅडम, माझी पट्टी झाली का?" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकते ते मोजलेलं नाही.

चारच्या सुमाराला डोळ्याच्या मागं काहीतरी येऊन बसायचं. आतून कुणीतरी अंगठा लावून डोळा बाहेर रेटतंय असं वाटायचं. दिवेलागणीपर्यंत ते भुवईत चढायचं आणि रात्री भाकरी थापताना तव्याकडं नुसतं बघवायचं नाही. डोळा लाल नव्हता, पाणी नव्हतं, दिसायला स्वच्छ दिसत होतं. बायकांचा डावा डोळा लवला तर शुभ असतं म्हणतात. दुखला तर काय, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुखतं म्हणजे नेमकं कसं?" मला बरं वाटलं. वेदनेच्या बाबतीत आपली भाषा चांगलीच सधन आहे. कचरा गेल्यावर डोळा खुपतो, जागरणानं चुरचुरतो, मिरचीच्या हातानं झोंबतो, उन्हानं भगभगतो. कळ येते ती वेगळी, सणक मारते ती वेगळी, ठणका लागतो तो आणखी वेगळा. "ठणकतो. आतून," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. नंतर कळलं की या शब्दांच्या निवडीत अर्धं निदान असतं. खुपणं-चुरचुरणं बहुतेक वेळा डोळ्याच्या वरच्या पडद्याचं काम, कारण बुबुळावरच्या त्या पारदर्शक काचेत मज्जातंतूंची टोकं इतकी दाट असतात की पापणीचा एक केस वळला तरी ती बोंब मारते. खोल ठणक्याची मुळं मात्र डोळ्यातही असू शकतात आणि भलतीकडंही.

हनुवटी टेकवून यंत्रातून तपासलं. थेंब घालून बाहुली मोठी केली, आतला पडदा बघितला. डोळ्याचं प्रेशर 14 निघालं. 10 ते 21 ठीक समजतात. मग डॉक्टर हसून म्हणाले, "काळजी करू नका, डोळा ठणठणीत आहे."

ठणकणारा डोळा ठणठणीत! मला आनंद व्हायला हवा होता. झाला अपमान. दुखतंय आणि काहीच नाही म्हणजे आपण खोटं बोलतोय, असा त्याचा अर्थ घरी जाईपर्यंत मी लावून टाकला होता. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. त्यांनी फक्त "डोळ्यात" काही नाही असं सांगितलं होतं. पण ते "डोळ्यात" माझ्या कानात शिरलंच नाही.

पुढचे दोन-अडीच महिने थोडक्यात उरकते, कारण ते प्रत्येकाच्या घरात सारखेच असतात. नणंद म्हणाली पित्त आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या सायनस आहे, वाफ घ्या. शेठ म्हणाले, "मॅडम, स्क्रीन जरा कमी बघा," आणि त्याच दमात मागच्या तीन वर्षांचे उतारे मागितले. वाफ घेतली, आवळा खाल्ला, दाढ दाखवून आले, चष्म्याचा नंबर दोनदा तपासला, गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. आपल्याकडं म्हण आहे, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. पाणी वाहणारा रेडा आजारी पडला आणि मालकानं त्याच्या पाठीवरच्या कातड्याच्या पखालीला डागण्या दिल्या. मी तीन महिने पखालच भाजत होते. मला वाटत होतं, रेडा तोच आहे.

शेवटी नवरा म्हणाला, मिरजेला दाखवू. आमच्या भागात हे वाक्य म्हणजे वरचं कोर्ट. 1894 साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, आणि तेव्हापासून इकडं कोकणापासून तिकडं कर्नाटकापर्यंतची माणसं पडशी-वळकटी घेऊन मिरज स्टेशनवर उतरत आली आहेत. आम्ही सांगलीकर मिरजेला एरवी नावं ठेवतो, पण दुखणं जुनं झालं की निमूट पुलाखालून जाणाऱ्या पाण्यासारखे तिकडंच जातो. 

तिथले फिजिशियन वयस्कर होते. त्यांनी डोळ्याचे कागद आधी नीट वाचले आणि म्हणाले, "पहिल्यांदा डोळा दाखवलात हे उत्तम केलंत. क्रम हाच." मग प्रश्न सुरू झाले, आणि ते ऐकताना मला पहिल्यांदा भीती वाटली. केस विंचरताना कानशील दुखतं का? चावताना जबडा दमतो का? (पन्नाशी उलटलेल्यांत कानशिलाची रोहिणी सुजते, वेळेत औषध दिलं नाही तर डोळा कायमचा जाऊ शकतो, हे त्यांनी नंतर सांगितलं.) डोळ्यापुढं अंधारी? दिव्याभोवती कडी? पापणी खाली आल्यासारखी वाटते? मानेला कुठं हिसका बसला? सलूनमध्ये मान कडकन मोडून घेतलीत?

"मी कशाला सलूनमध्ये जाऊ?" मी म्हणाले.

"तुम्हाला नाही, यांना विचारतोय," ते नवऱ्याकडं बघत म्हणाले. नवरा दर महिन्याला दाढीनंतर मान मोडून घेतो. तशा हिसक्यानं कधीकधी मानेतली रक्तवाहिनी आतल्या आत चिरते, आणि तिचं दुखणं मानेसोबत डोळ्यातही उमटतं. एका बाजूची पापणी उतरते, त्याच बाजूची बाहुली बारीक होते. मग थांबायचं नसतं, थेट मोठा दवाखाना गाठायचा. नवऱ्यानं त्या दिवसापासून मान मोडून घेणं बंद केलंय. म्हणजे माझ्या डोळ्याचा पहिला गुण त्याच्या मानेला आला.

माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. मग त्यांनी एक गंमत केली. "दुकानात बसता तशा बसून दाखवा." मी खुर्चीत बसले, समोर स्क्रीन आहे असं समजले, हात पुढं घेतले आणि हनुवटी वर उचलली.

"हनुवटी का उचललीत?"

मला ठाऊकच नव्हतं मी ती उचलते ते.

"चाळिशी कधी लागली?"

चाळिशी लागली होती दीड वर्षापूर्वी. वर लांबचं, खाली जवळचं अशा काचा. डेस्कवर ठेवलेल्या कागदाला त्या छान. मान सरळ ठेवून नजर खाली टाकली की झालं. पण कॉम्प्युटर उभा असतो, डोळ्यांसमोर. त्यावरचे आकडे चष्म्याच्या खालच्या भागातून दिसायला हवे असतील तर चेहराच आकाशाकडं करावा लागतो. मी दिवसाचे आठ तास तशी बसत होते, आणि भरीला डाव्या कानाशी खांद्यात दाबलेला फोन, कारण उजवा हात माऊसवर.

डॉक्टर मागं आले, कवटीचा कडा जिथं संपतो आणि मान सुरू होते त्या खळग्यात डाव्या बाजूला त्यांनी अंगठा टेकवला आणि दाबला. मी ओरडले. मान दुखली म्हणून नाही. डोळा दुखला. तोच ठणका, त्याच जागी, डोळ्यामागं, जणू बटण दाबलं आणि दुसऱ्या खोलीत दिवा लागला. अंगठा काढला, दिवा मंदावला. तीन महिने ज्याला मी डोळ्यात शोधत होते तो वीतभर मागं, अंबाड्याखाली बसला होता.

डॉक्टरांनी कागदावर एक झाड काढलं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडं नेणारी एक मोठी नस असते, कवटीतल्या बारा जोड्यांपैकी पाचवी, तीन फांद्यांची. पहिली फांदी डोळा आणि कपाळ, दुसरी गाल आणि वरचे दात, तिसरी खालचा जबडा. तिचे वेदना सांगणारे धागे मेंदूत शिरले की सरळ वर जात नाहीत, आधी खाली उतरतात, थेट मानेच्या वरच्या तीन मणक्यांच्या पातळीपर्यंत. आणि तिथंच मानेच्या वरच्या तीन नसा येऊन मिळतात. दोघी आपापला निरोप एकाच पेशीच्या हातात देतात. तो पुढं पोचवला जातो तेव्हा तो कुणाकडून आला याची चिठ्ठी हरवलेली असते. डोळ्याच्या फांदीची तर मानेच्या नसांशी जरा जास्तच सलगी. मानेतून निघणाऱ्या अशा डोकेदुखीला नॉर्वेतल्या ओट्टार स्योस्टाड या मेंदूविकारतज्ज्ञांनी 1983 साली सर्व्हायकोजेनिक हेडेक असं नाव दिलं. नाव मिळालं म्हणून दुखणं कमी होत नाही, पण खोटेपणाचा आळ मात्र जातो.

त्यांनी फिजिओथेरपीला पाठवलं. ती बाई म्हणजे पोरगीच होती, पंचविशीची. "या काकू," म्हणाली. तेव्हा कळ भलत्याच ठिकाणी उठली, पण ते असो.

पहिल्या दिवशी तिच्याकडून निघून मी सतारमेकर गल्लीतून चालत आले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ही गल्ली भोपळे वाळवत आणि तारा जुळवत बसलेली आहे. एका दुकानात कारागीर तयार सतार तपासत होता. वरची बाजाची तार छेडायचा, दाबून बंद करायचा, आणि तार गप्प झाली तरी सतार गुणगुणत राहायची. खालच्या तरफेच्या तारा, अकरा-तेरा असतात, त्यांना बोट न लावताच वाजत होत्या. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. हेच की! छेडली मान, वाजला डोळा.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं फिजिओला हे सांगितलं. ती माझ्या मानेखाली गरम पिशवी सरकवत म्हणाली, "छान आहे काकू, पण तसं नाही. तरफ खरोखर थरथरते. तुमचा डोळा काहीच करत नाहीये. तो बिचारा शांत बसलाय आणि मेंदू त्याचं नाव घेतोय."

इतकी सुंदर उपमा पोरीनं एका वाक्यात निकालात काढली. मग मला माझ्याच धंद्यातली सापडली, तितकी सुंदर नाही पण बरोबर. आमच्या दुकानात एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन शेतकरी माल घालतात. एक मोठा बागायतदार, वर्षाला शे-दीडशे पिशव्या. दुसरा वाट्यानं शेती करणारा, त्याच्या चार पिशव्या. एखाद्या वेळी पिशवीवरची चिठ्ठी फाटते आणि नुसतं आडनाव उरतं. नवा मुनीम असेल तर तो काय करतो? फार विचार न करता मोठ्याच्या नावावर चढवतो. रोज त्याचाच माल येतो, हाही त्याचाच असणार. मेंदू हा असा नवा मुनीम आहे. त्या खात्यावर जन्मापासून डोळ्याच्या, कपाळाच्या नोंदी येत आल्या आहेत. धूळ, ऊन, साबण, रडणं. मान बिचारी कधीमधी. चिठ्ठी फाटली की माल डोळ्याच्या नावावर. हृदयाचं दुखणं डाव्या हाताच्या नावावर आणि पित्ताशयाचं उजव्या खांद्याच्या नावावर चढतं, तेही याच मुनिमाचं काम. आतले अवयव इतके मुके की त्यांचा माल कधी आलाच तर मुनीम ओळखतच नाही.

हा घोळ मुद्दाम घडवून बघणारी माणसंही होऊन गेली. 1938 साली लंडनमध्ये जोनास केलग्रेन या डॉक्टरानं स्वतःच्या आणि इतर तयार माणसांच्या स्नायूंत कडक मिठाच्या पाण्याची सुई टोचली आणि दुखणं नेमकं कुठं उमटतं त्याची चित्रं काढली. सुई इथं, कळ तिथं. पुढं जॅनेट ट्रॅव्हल या अमेरिकी डॉक्टरणीनं जवळजवळ सगळ्या अंगाचे असे नकाशे केले. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीमुळं ती व्हाइट हाउसची डॉक्टर झाली. फिजिओच्या भिंतीवर त्यातला एक नकाशा होता. कानामागून निघून गळ्याच्या हाडापर्यंत तिरका जाणारा स्नायू, आरशात मान वळवली की दोरीसारखा उठतो तो. दुखावतो तो स्नायू, आणि लाल ठिपके डोळ्याभोवती. फोन खांद्यात दाबताना मी याच दोरीला आठ तास गाठ मारून ठेवत होते.

तिनं एक प्रयोग करायला लावला, तो तुम्हीही करा. दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कड्याखाली, मानेच्या वर ठेवा. डोळे मिटा. डोकं अजिबात न हलवता मिटलेल्या पापण्यांआड नजर डावीकडं न्या, उजवीकडं न्या. बोटांखाली काहीतरी बारीक हलल्यासारखं बऱ्याच जणांना जाणवतं. तिथं दोन्ही बाजूंना चार-चार छोटे स्नायू आहेत, ते नजरेच्या पाठोपाठ डोक्याला वळवायच्या तयारीत असतात. डोळा आणि मान यांचं साटंलोटं इतकं जुनं आहे. मराठीला ते ठाऊक असावं. काम कसं करायचं, तर मान मोडून. राखण कशी करायची, तर डोळ्यांत तेल घालून. आमच्या शेठना दोन्ही एकाच माणसाकडून हवं असतं.

या काळात मी जिथं-तिथं दुखण्याचे पत्ते तपासायला लागले. माझ्या मामाचं आठवलं. त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर, कपाळात आग पडायची. तीन दिवस डोळ्याचे थेंब घातले. चौथ्या दिवशी कपाळावर पुरळाचे घोस उठले. नागीण. गावातल्या म्हाताऱ्यांनी तिचं तोंड आणि शेपूट मिळू देऊ नका म्हणून गेरू लावायची तयारी केली. पण मामी शहाणी. मामाच्या नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तशी तिनं गाडी काढली. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकच बारीक नस जाते. म्हणून शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका, हे जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. मामीनं ते कुठं वाचलं नव्हतं. "नाकावर आलंय, आता डोळ्यात उतरंल," एवढंच तिचं गणित. मामाचा डोळा राहिला.

उलटा घोळही होतो, हे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्याचं प्रेशर अचानक भडकतं तेव्हा एखाद्या माणसाला इतकी मळमळ आणि उलट्या होतात की घरचे त्याला पोटाच्या डॉक्टरांकडं नेतात. सलाईन लागतं, पोटाची सोनोग्राफी होते, आणि इकडं लाल डोळा चादरीखाली तासातासानं विझत असतो. डोळ्याचा माल पोटाच्या नावावर. म्हणून मान दाबून बघितली, डोळ्यात कळ गेली, म्हणजे मानेचंच आहे असं घरच्या घरी ठरवायला मी कुणाला सांगणार नाही. माझा मुनीम चुकला होता, तुमचा बरोबरही असेल.

माझा इलाज कंटाळवाणा होता. कॉम्प्युटरच्या अंतराचा, एकाच नंबरचा साधा चष्मा. स्क्रीन चार बोटं खाली. कानात घालायचा फोन, ज्यावर शेठ अजून म्हणतात, "मॅडम एकट्याच बोलताय काय?" भिंतीला टेकून हनुवटी आत ओढण्याचा व्यायाम, दिवसातून पाच वेळा, तो करताना माणूस इतका विनोदी दिसतो की मी तो गोदामात पिशव्यांच्या थप्पीमागं करते. सहा आठवड्यांनी ठणका रोजचा आठवड्याचा झाला, मग महिन्याचा. मार्च एंडला हटकून येतो. आता आला की मी डोळ्यावर हात ठेवत नाही, मागं नेते.

आणि मागं हात नेताना मला आई दिसायला लागली.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की दीड-दोन महिन्यांनी घडांची विरळणी निघते. मणी बाजरीएवढे-ज्वारीएवढे असताना प्रत्येक घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीनं काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. घड मांडवाला डोक्याच्या वर लोंबत असतात. म्हणजे हात वर, चेहरा वर, मान मागं मोडलेली, सकाळी आठपासून उतरत्या उन्हापर्यंत, पानांतून डोळ्यात येणारा उजेड झेलत. एका घडाला काय, दोन-तीन मिनिटं. वेलीला तीस-चाळीस घड. बागेत हजार वेली. आई आणि तिच्या टोळीतल्या बायका हे दोन-दोन महिने करायच्या, आधी दुसऱ्यांच्या बागांत, मग आमच्या.

त्या दिवसांत संध्याकाळी आई घरी आली की डोक्याला फडकं करकचून बांधायची, कपाळाला सुंठ उगाळून लावायची आणि माजघरात अंधार करून पडायची. "डोळं फुटत्यात जणू," म्हणायची. आम्ही चुलीपाशी कुजबुजत अभ्यास करायचो. आजी काशाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसायची. गावात डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा आईला चष्मा मिळाला, तो तिनं लावून बघितला आणि फडताळात ठेवला. बागेची वही वडील ठेवायचे. कधी कुठलं औषध फवारलं, किती लिटर, किती पेट्या गेल्या, व्यापाऱ्यानं किती बुडवले, सगळं तारखेवार. मी हिशोब तिथंच शिकले. त्या वहीत विरळणीच्या खर्चाखाली बायकांची हजेरी आहे, दर आहे. मान नाही. ती कुठल्याच नावावर चढलेली नाही.

आईचं दुखणं मानेचंच होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या मानेला कोण अंगठा लावणार? पण मी दुकानात हनुवटी उचलून बसायची ती अगदी तिच्यासारखी. ती घडांकडं बघायची, मी त्याच घडांच्या बेदाण्याच्या आकड्यांकडं.

परवा गावी गेले तेव्हा भावाच्या बागेत विरळणी चालू होती. आई आता काम करत नाही, क्रेट उपडा घालून मांडवाखाली बसते आणि पोरींना "तो घड सोडला गं" म्हणून ओरडते. रात्री जेवणं झाल्यावर तिला पुढं बसवली, तिचा अंबाडा वर केला आणि कवटीच्या कड्याखाली हळूच बोट टेकवलं. दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी.

"काय करतीयास?"

"गप बस गं. दुखतंय?"

"दुखतंय की. म्हातारपण हाय."

मी जरा दाबलं. ती काहीच बोलली नाही. मग तिनं हात उचलून आपल्या डोळ्यावर ठेवला. जरा वेळ तसाच ठेवला.

"आगं," ती म्हणाली, "हे डोळ्यात कसं गेलं?"

मी तिला पाचवी नस सांगायला लागले. तीन फांद्या, खाली उतरणारे धागे, फाटलेली चिठ्ठी, मुनीम. तिनं सगळं ऐकून घेतलं. तोवर माझं बोट तिथंच होतं, आणि ते हललं की तिचा हात डोळ्यावर जरासा घट्ट व्हायचा.

"म्हंजे त्या बायास्नीबी हेच," ती म्हणाली. मग तिनं टोळीतल्या एकेकीचं नाव घेतलं. कोण सारखी कपाळाला बाम चोळायची, कुणाचा डोळा "उठायचा", कुणाला नवरा म्हणायचा सोंग करती. दोघी त्यातल्या गेल्या. उरलेल्या आहेत, उद्या सकाळी बागेत येतील.

"त्यास्नी दाबून दावशील?"

"दावीन."

"हळू दाब. आनशीला मोठ्या डाक्टरकडं न्यायला पायजे आधी, तिला दिसतबी कमी हाय." मग तिनं पाय लांब केले. "आता ती वाटी आन. फडताळात हाय, चष्म्याच्या मागं."